एका दाण्यापायी

वैजयंती कोनापुरेनं स्वतःच्या नणंदेच्या कारखान्याला सील ठोकलं, तेव्हा नणंदबाई भांडल्या नाहीत, रडल्या नाहीत, तोंडातून एक वावगा शब्दही काढला नाही. त्यांनी फक्त विचारलं, "पीठसुद्धा?"

"पीठसुद्धा, अक्का. पीठ, रवा, तयार भाकरी आणि गोदामातली ज्वारी. सगळं."

"बरं," शिवलीलाअक्का म्हणाल्या आणि बायकांना तवे उतरवायला सांगून स्वतः दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. पाठ करून. वैजयंतीला वाटलं, यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

हिपळगी हे सोलापूरच्या पुढं, कर्नाटकाच्या हद्दीला लागून असलेलं गाव. तिथं अक्कांचा कडक भाकरीचा कारखाना होता. कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांब शेड, मागं गोदाम, आणि ज्वारीची भाकरी पापडासारखी पातळ थापून कडक वाळवणाऱ्या गावातल्या बायका. ती भाकरी पुण्यामुंबईला जायची, दुबईला जायची. अक्कांनी तो धंदा एका तव्यावर सुरू केला होता. वैजयंतीच्या लग्नात पंगतीला त्याच भाकऱ्या होत्या.

आणि आता त्या भाकऱ्यांवर वैजयंतीच्याच सहीनं 'असुरक्षित अन्न' असा लाल कागद चिकटला होता.

खरं तर तो निर्णय तिचा नव्हताच. निर्णय कणदर्शीचा होता.

कणदर्शी येऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. त्याच्या आधी धान्यातलं विष शोधायची रीत जुनीच होती. पोत्यात लोखंडी नळी खुपसायची, मूठभर दाणे काढायचे, दळायचे आणि प्रयोगशाळेत पाठवायचे. भिजलेल्या धान्यावर एक हिरवट बुरशी येते. ती अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. हे विष भाजून जात नाही, शिजवून जात नाही. वर्षानुवर्षं थोडं थोडं पोटात गेलं तर यकृताचा कर्करोग होऊ शकतो. पण ही बुरशी सगळ्या धान्याला सारखी लागत नाही. हजारो दाणे निर्मळ असतात आणि मधेच एखादा दाणा विषानं ठासून भरलेला असतो. तो नळीत आला तर अख्खं पोतं नापास, नाही आला तर पास. इतकी वर्षं सगळा देश अशा नशिबाच्या जोरावर जेवत होता.

कणदर्शीनं नशीब हा प्रकारच संपवला. या यंत्रात धान्य वरून पातळ धारेत पडतं. पडता पडता प्रत्येक दाण्यावर डोळ्याला न दिसणारे किरण सोडले जातात आणि परत येणाऱ्या प्रकाशावरून दाण्याच्या पोटात काय आहे ते यंत्राला कळतं. नमुना घ्यायचा प्रश्नच नाही. यंत्र एकूण एक दाणा बघतं. हिपळगीच्या बायकांनी त्याचं नाव पहिल्याच दिवशी ठेवलं होतं, 'सासू'. कारण त्याच्या नजरेतून काही सुटत नव्हतं आणि त्याला काही पसंत पडत नव्हतं.

इथवर सगळं ठीक होतं. घोळ केला तो माणसांनी. यंत्र आलं तसा कायदाही बदलला. पूर्वी विषाची मर्यादा दळलेल्या पिठाच्या सरासरीवर मोजायचे. नव्या कायद्यात कुणी तरी लिहिलं, 'ज्या साठ्यात मर्यादेपेक्षा जास्त विष असलेला कण आढळेल तो साठा असुरक्षित'. लिहिणाऱ्याला वाटलं असेल, आपण फार कडक आणि चोख काम केलं. पण एक विषारी दाणा एकटा तपासला तर तो मर्यादेच्या हजारपट असायचाच. त्या वर्षी ज्वारी काढणीला आली आणि अवकाळी पावसानं कणसं भिजवली. मग जिल्ह्यात एकही गोदाम असं राहिलं नाही, की जिथं सासूला एक तरी वाईट दाणा सापडणार नाही.

सापडला की यंत्र थेट खात्याच्या पोर्टलला कळवायचं. पोर्टल आपणहून जप्तीचा आदेश काढायचं. मग अन्न सुरक्षा विभागाच्या अधिकाऱ्यानं, म्हणजे वैजयंतीनं, जाऊन सील लावायचं. विचार करायचं काम कुणाकडंच ठेवलेलं नव्हतं.

हिपळगीचा आदेश फोनवर आला तेव्हा ती तडक साहेबांच्या खोलीत गेली होती. सहायक आयुक्त उदावंत साहेब निवृत्तीला टेकलेले होते. भांडण टाळणं हाच त्यांचा स्वभाव होता.

"सर, हा माझ्या नणंदेचा कारखाना आहे. मला यातून वगळा. दुसरं कुणी पाठवा."

"दुसरं कोण?" उदावंत साहेबांनी रिकाम्या टेबलांकडं हात केला. "सगळ्या जागा रिक्त. लातूरहून कुणी मागवायचं तर त्यांच्याकडंही तेच. तुम्ही असं करा, नातं असल्याचं लिहून द्या. मी पोचपावती देतो. आणि जाऊन या."

"म्हणजे मी लिहून देऊन तेच करायचं, जे लिहून न देता केलं असतं?"

"पण लिहून दिलेलं असेल ना," साहेब म्हणाले.

तिनं लिहून दिलं आणि ती गेली.

पीठ, रवा आणि भाकरी नष्ट करायला काढली त्या दिवशी शेडच्या मागं जेसीबीनं खड्डा खणला. पिठाबद्दल वैजयंतीच्या मनात शंका नव्हती. दाणा एकदा दळला की विष सगळ्यात मिसळतं, मग ते वेगळं काढता येत नाही. आणि सरासरीच्या जुन्या हिशेबानंही त्या पिठाची काही पोती नापास झाली असती. पीठ गाडणं बरोबरच होतं. पण खड्ड्यात पोती रिकामी करून वर फिनेल ओतलं, तेव्हा बायकांमधून जो आवाज निघाला तो ऐकून तिला तिथून पळून जावंसं वाटलं.

अक्का पुढं आल्या.

"आमचा आजा हीच ज्वारी खाऊन ऐंशीचा झाला," त्या म्हणाल्या. "आमची आजीही हीच खाऊन म्हातारी होऊन गेली. पाऊस काय पहिल्यांदा पडलाय कणसावर? आम्ही काय मेलो?"

आणि वैजयंतीच्या तोंडून निघून गेलं, "अप्पा गेले ना, अक्का. साठीच्या आत गेले. कशानं गेले?"

अप्पा म्हणजे वैजयंतीचे सासरे. यकृताच्या कर्करोगानं गेले. गळ्यात इष्टलिंग, तोंडात कायम देवाचं नाव, दारूच्या थेंबाला आयुष्यात शिवले नाहीत. तरी गावानं म्हणायचं ते म्हटलंच, लिव्हर गेलं म्हणजे चोरून पीत असणार. अक्का त्या बोलण्यापायी वर्षभर देवळात गेल्या नव्हत्या.

एका माणसाच्या बाबतीत विज्ञान छातीवर हात ठेवून काही सांगू शकत नाही, हे वैजयंतीला पक्कं ठाऊक होतं. हजार माणसांत किती जणांना होईल एवढंच ते सांगतं. अप्पांना ज्वारीनंच झालं असं म्हणायला तिच्याकडं काडीचा पुरावा नव्हता. पण शब्द सुटला होता.

"म्हणजे माझ्या आईनं त्यांना विष वाढलं, असं तुला म्हणायचंय," अक्का हळू आवाजात म्हणाल्या.

"अक्का, तसं नाही..."

"तुझं काम कर, मॅडम." आणि त्या गेल्या. लग्न होऊन इतकी वर्षं झाली होती, पण मॅडम त्यांनी तिला पहिल्यांदाच म्हटलं.

घरी नवरा, गुरुशांत, तिची वाट बघत बसला होता. अक्कांचा फोन येऊन गेला होता हे त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं.

"तू अप्पांचं नाव काढायला नको होतंस."

"माहीत आहे मला."

"मग काढलंस कशाला?"

"गुरू, प्लीज. आज नको."

तो उठून कुंड्यांना पाणी घालायला गेला. बँकेतून आल्यावर, जेवण झाल्यावर, भांडण होणार असं वाटल्यावर गुरुशांत कुंड्यांना पाणी घालायचा. त्या उन्हाळ्यात त्यांची बाल्कनी जंगलासारखी फुलली.

पीठ गेलं. गोदामातली ज्वारी मात्र राहिली. गाव आणि आसपासच्या वाड्यांवरून अक्कांनी वर्षभराचं धान्य भरून ठेवलं होतं. कायद्याप्रमाणं दळलेला माल लगेच नष्ट करायचा होता. अख्ख्या धान्याचा निकाल मात्र वरून लागायचा. निकाल लागेपर्यंत माल 'आहे त्या स्थितीत' ठेवायचा. म्हणून दाराला सील लागलं, खिडक्यांना सील लागलं, वारा यायचे झरोकेसुद्धा बंद झाले. थप्प्यांखाली पोर्टलला जोडलेले वजनकाटे बसवले, म्हणजे कुणी पायलीभर ज्वारी उचलली तरी वर कळेल. आत कॅमेरा आणि तापमापक लावला.

'आहे त्या स्थितीत' हे लिहिणाऱ्या माणसाला धान्य जिवंत असतं हेच माहीत नसावं. दाणा श्वास घेतो, ओलावा सोडतो. हवा खेळती असेल तर तो ओलावा निघून जातो. कोंडलं तर तो पत्र्याला चिकटतो आणि परत थप्पीवर ठिबकतो. आणि बुरशीला आणखी काय हवं असतं? वैजयंती रोज सकाळी फोनवर गोदामाचं तापमान बघायची. आकडा हळूहळू चढत होता. बाहेरच्या उन्हापेक्षाही जास्त. धान्य आतून तापू लागलं होतं.

ती पुन्हा उदावंत साहेबांकडं गेली.

"सर, खिडक्या तरी उघडायला परवानगी द्या."

"खिडक्या उघडणं म्हणजे सील तोडणं."

"मग फेरतपासणी मागवा. निकाल लवकर लागेल."

"फेरतपासणी कशानं करणार?"

"कणदर्शीनं."

"आणि कणदर्शीला त्यात वाईट दाणा सापडेल."

"सापडेलच की सर! तो आहेच तिथं. पण आपण असंच ठेवलं तर एकाचे शंभर होतील. जप्तीच्या वेळी जे धान्य बहुतेक सगळं चांगलं होतं, ते आपण जप्त करून नासवतोय. म्हणजे जप्तीचं कारण आपणच तयार करतोय!"

साहेबांनी चष्मा काढला. ते वाईट नव्हते, आणि त्याचाच तिला सगळ्यात जास्त वैताग यायचा.

"कोनापुरे मॅडम, तुमचं म्हणणं मला पटतं. दुसऱ्या कुणाचं गोदाम असतं तर मी वर खेटे घातले असते. पण हे तुमच्या नणंदेचं आहे. तुम्हीच लिहून दिलंय. आता तुम्ही त्या मालाच्या बाजूनं एक शब्द बोललात, तरी लोक काय म्हणतील?"

लिहून दिलं नसतं तर ते लपवणं झालं असतं. लिहून दिलं तर तोंड बंद झालं. वैजयंतीनं खुर्ची मागं सरकवली ती एवढ्या जोरात, की बाहेरचा शिपाई आत डोकावला.

कणदर्शी चालवायचं काम समीना मुजावरकडं होतं. तिशीची, इंजिनियर, कुठल्याही गोष्टीवर फारसा न चिडणारी मुलगी. त्या दिवशी ती आवारात यंत्र उघडून पुसत बसली होती. वैजयंती तिच्याजवळ जाऊन उभी राहिली, कारण साहेबांच्या खोलीपासून लांब ती एकच जागा होती.

"ह्या नळ्या कसल्या?" तिनं सहज विचारलं. दाण्यांची धार जिथं खाली पडत होती, तिथं बारीक तोंडांची एक रांग होती आणि प्रत्येक तोंडावर प्लास्टिकचं बूच.

"हवेच्या," समीना म्हणाली. "हे यंत्र मुळात निवडायचं आहे, मॅडम. वाईट दाणा दिसला की तेवढ्यापुरती हवेची फुंकर बसते आणि तो दाणा बाजूच्या डब्यात उडतो. कंपनीनं तसंच बनवलंय."

"मग ही बुचं?"

"आपल्या खात्यानं मागवताना लावून घेतली. आपण तपासणारे ना. तपासणाऱ्यानं निवडायचं नाही, असा नियम आहे. तपासणाऱ्यानं माल सुधारला तर मग जप्त कसला करणार?"

समीना हे अगदी सरळ चेहऱ्यानं सांगत होती. वैजयंती त्या बुचांकडं बघत राहिली आणि तिला एकदम हसू फुटलं. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. समीनानं तिच्यापुढं पाण्याची बाटली धरली.

"काढता येतात?" वैजयंतीनं विचारलं.

"बुचं? हातानं. मॅडम, पण..."

"माहीत आहे मला. सीलबंद मालात फेरफार."

त्यानंतर तिनं घाई केली नाही. आधी आयुक्तांना पत्र लिहिलं. धान्य नासतंय, निवडून वाचवता येईल, परवानगी द्या. उत्तर आलं, प्रस्ताव विचाराधीन आहे. पुन्हा लिहिलं. उत्तर आलं, आपण मालकाच्या नात्यातील असल्यानं आपला प्रस्ताव अन्य अधिकाऱ्यामार्फत यावा. अन्य अधिकारी जिल्ह्यात नव्हताच. तिनं हे कळवल्यावर उत्तर यायचंच थांबलं. गोदामाचा आकडा मात्र थांबला नाही.

एका संध्याकाळी तिनं गुरुशांतला विचारलं, "माझी नोकरी गेली तर?"

तो झारी घेऊन बाल्कनीच्या दारात उभा होता. त्यानं झारी खाली ठेवली.

"अक्कासाठी करतीयेस?"

तिनं खरंच विचार केला. "नाही. अक्कांचं तोंडसुद्धा बघावंसं वाटत नाही मला सध्या. पण चांगलं धान्य आहे ते, गुरू. माझ्या सहीनं कुजतंय."

"मग कर," गुरुशांत म्हणाला. एवढंच. पण त्या संध्याकाळी तो कुंड्यांकडं गेला नाही. तिच्याजवळ बसून राहिला.

तिनं ते काम चोरून केलं नाही. भर सकाळी, गावाच्या सरपंचांना, शाळेच्या मुख्याध्यापिकांना आणि शेजारच्या गावातल्या दोन शेतकऱ्यांना पंच म्हणून बोलावलं. उदावंत साहेबांना लेखी कळवलं. कॅमेरा चालू ठेवला आणि त्याच्यासमोर उभं राहून मोठ्यानं सांगितलं, "मी, वैजयंती कोनापुरे, अन्न सुरक्षा अधिकारी, हे सील माझ्या जबाबदारीवर तोडत आहे. समीना मुजावर या माझ्या लेखी आदेशावरून यंत्र चालवत आहेत. त्यांचा यात दोष नाही."

दार उघडलं तसा आतून उबट, कुबट वाफारा आला. पुढच्या थप्पीला हात लावला तर पोतं तव्यासारखं गरम. पार मागच्या भिंतीकडच्या काही पोत्यांना वरूनच हिरवट तवंग दिसत होता. ती वाचण्यातली नव्हती, बाजूला काढली. बाकीची एकेक करून समीनानं यंत्रात रिकामी करायला घेतली.

सासूनं तोंड उघडलं. दाण्यांची धार खळखळत खाली येऊ लागली आणि मधेच फट्, पुन्हा बराच वेळ काही नाही, मग पुन्हा फट् असा आवाज येत राहिला. प्रत्येक आवाजाला एक दाणा बाजूच्या डब्यात उडत होता. गावातल्या बायका आधी लांब उभ्या होत्या, मग जवळ आल्या. त्यांच्यात अक्काही होत्या. वैजयंतीनं त्यांना पाहिलं, पण हाक मारली नाही.

दिवस कलेपर्यंत यंत्र चाललं. शेवटी समीनानं तो बाजूचा डबा आणून एका स्टीलच्या ताटात उपडा केला. डोंगराएवढ्या ज्वारीतून निघालेल्या सगळ्या विषानं ते ताटही पुरतं भरलं नव्हतं.

अक्का पुढं आल्या. ताटाशी उकिडव्या बसल्या. आयुष्यभर ज्वारी हाताळलेली बाई ती. त्यांनी एक दाणा उचलून उजेडाकडं धरला, वास घेतला, नखानं दाबून बघितला. दुसरा घेतला. मग शेजारच्या ढिगातला, पास झालेला, एक दाणा घेऊन दोन्ही तळहातावर शेजारी शेजारी ठेवले. पांढरे, टपोरे, मोत्यासारखे.

"दोन्ही सारखेच दिसतात," त्या म्हणाल्या.

"हो," वैजयंती म्हणाली.

"आई तर निवडून, पाखडून घ्यायची. रोज. डोळ्यात तेल घालून."

"तिला दिसलं नसतं, अक्का. कुणालाच दिसलं नसतं."

अक्कांनी दोन्ही दाणे ताटात टाकले. हात पदराला पुसला, मग पुन्हा पुसला, आणि पुसतच राहिल्या. मग उठून घराकडं गेल्या.

निवडलेलं धान्य वैजयंतीनं समीनाकडून पुन्हा एकदा यंत्रातून काढलं. पोर्टलवर हिरवी खूण आली, 'निर्धोक'. तिच्या नोकरीत गोदामाला हिरवी खूण तिनं पहिल्यांदाच पाहिली. त्यानंतर काही वेळातच फोन वाजला. तोही पोर्टलचाच निरोप होता. जप्त साठ्याच्या वजनात घट आढळली आहे. शासकीय ताब्यातील मालाचा अपहार. संबंधित अधिकारी तात्काळ निलंबित.

"अपहार कसला?" ती उदावंत साहेबांना फोन लावून ओरडून म्हणाली. "कमी झालं ते विष कमी झालंय! नासकी पोती इथंच आहेत, विषारी दाणे इथं ताटात आहेत! मोजून घ्या!"

"ते आता साठ्याचा भाग नाहीत ना, मॅडम," साहेब दुःखी आवाजात म्हणाले.

निलंबनात ती घरी बसली. तेवढ्यात गंमत अशी झाली, की पंचांपैकी कुणी तरी काढलेली चित्रफीत सगळीकडं फिरली. दुसऱ्या जिल्ह्यांतली गोदामं बंद पडलेली माणसं विचारू लागली, हिपळगीला बुचं निघतात तर आमच्याकडं का नाही? दबाव वाढला तसं खात्यानं परिपत्रक काढलं. त्यात म्हटलं होतं, जप्त धान्यातील दूषित कण यंत्राद्वारे वेगळे करण्यास परवानगी देण्यात येत आहे, मात्र साठ्याच्या मूळ वजनात कोणतीही घट होणार नाही याची दक्षता घ्यावी. वैजयंतीनं ते गुरुशांतला दोनदा मोठ्यानं वाचून दाखवलं आणि मग फोन सोफ्यावर फेकला. ते वाक्य काढायला खात्याला आणखी एक परिपत्रक लागलं.

तिची चौकशी मात्र चालूच राहिली. ज्या कामाला आता परवानगी होती, ते परवानगीच्या आधी केलं, आणि तेही नणंदेसाठी केलं, असा आरोप होता. चौकशीला पुण्याहून चौबळ नावाचे अधिकारी आले. वयानं तरुण, कपडे कडक इस्त्रीचे. त्यांनी अक्कांना साक्षीला बोलावलं. वैजयंती समोरच्या खुर्चीत बसली होती. ज्वारी निवडली त्या दिवसानंतर दोघी एकमेकींना पहिल्यांदा बघत होत्या.

अक्कांनी शपथ घेतली.

"तुमचे आणि कोनापुरे मॅडमचे संबंध कसे आहेत?" चौबळांनी विचारलं.

"वाईट," अक्का म्हणाल्या.

चौबळ थबकले. "म्हणजे कोणत्या अर्थानं?"

"सगळ्याच अर्थानं. हिनं माझं पीठ फिनेल ओतून गाडलं. चार बायकांत माझ्या मेलेल्या बापावरून बोलली. पाडव्याला मी भावाच्या घरी गेले नाही. हिचा फोन मी उचलत नाही आणि ती करतही नाही. घमेंडी आहे. स्वतःचंच खरं करते. आमच्या घरात आली तेव्हापासून असंच आहे."

लिहून घेणाऱ्या बाईंनी मान वर करून पाहिलं. वैजयंती जमिनीकडं बघत होती.

"मग," चौबळ म्हणाले, "तुमच्या फायद्यासाठी नाही, तर त्यांनी सील तोडलं कशासाठी?"

"ते तिला विचारा. माझ्यासाठी तर तिनं खिडकीसुद्धा उघडली नव्हती. मी समोर उभी असताना सगळ्याला कुलूप घातलं, नात्याकडं बघितलं नाही. मग कुलूप काढताना बघितलं असेल काय? चांगलं धान्य नासलालं होतं. तिला बघवलं नाही. त्यात माझा काय संबंध?"

"ते धान्य तुम्ही स्वतः वापरता?"

"रोज खातो की. पण त्या यंत्रातून काढल्याशिवाय आता मी एक दाणा दळत नाही." अक्का पुढं सरकल्या. "त्या ताटात मी बघितलंय, साहेब. आमचा बाप दारू पीत नव्हता. तेवढं लिहून घ्या."

"त्याचा या चौकशीशी..."

"लिहून घ्या."

चौबळांनी लिहून घ्यायला सांगितलं.

निकाल पुढं बऱ्याच दिवसांनी आला. पक्षपात सिद्ध होत नाही, संबंध सलोख्याचे नसल्याचं साक्षीत स्पष्ट झालं आहे. मात्र सील तोडल्याबद्दल सक्त ताकीद आणि एक वेतनवाढ बंद. नोकरी राहिली. समीनाला कुणी काही विचारलं नाही. पण त्या दुपारी यातलं काहीच ठाऊक नव्हतं. साक्ष संपली आणि दोघी व्हरांड्यात आल्या. बाहेर ऊन रणरणत होतं, रिक्षा मिळायची नव्हती. दोघी थोडं अंतर ठेवून एकाच खांबाच्या सावलीत उभ्या राहिल्या.

मग वैजयंतीला राहवेना.

"अक्का, घमेंडी म्हणालात ते ठीक आहे. पण आल्यापासून?"

"मग शपथेवर खोटं बोलू काय?"

"म्हणजे ते सगळं खरं होतं."

"खरंच होतं," अक्का रस्त्याकडं बघत म्हणाल्या. पदरानं त्यांनी कपाळावरचा घाम टिपला, आणि मग तोच पदर वैजयंतीच्या डोक्यावर येणाऱ्या उन्हाच्या आड धरला. "साक्ष संपेपर्यंत."